आठवी चिंबोरी

वरोर
८ जानेवारी २०१८

दक्षा,

वर 'सप्रेम' वगैरे लिहीत नाही. तू माझा फोन इतक्या वेळा कापलास की शेवटी तो लागायचाच बंद झाला. शेजारच्या पोरीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, काकी, तुम्हाला ब्लॉक केलंय. ठीक आहे. सातवीपर्यंत शिकले ते कुठेतरी कामी यायचंच होतं. बुधीबाई सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जाते, तिच्या टोपलीत अर्धा किलो बोंबील आणि हे पत्र टाकतेय. तिथून अच्छाडला, तळं गेल्यावर तुम्ही चालवायला घेतलेल्या ढाब्यावर कोणी ना कोणी येतच असेल. बोंबील जुन्या मालातले आहेत, कुरकुरीत आहेत. नवीन माल नाही.

नाही म्हणजे का नाही, हे तू विचारलं नाहीस. तुझं कोळंबीचं तळं मेलं तेव्हा सगळा गाव हळहळला. डहाणूहून माणसं गाडी घेऊन आली, बांधावर उभी राहून मोबाईलवर फोटो काढून गेली. आई आठ दिवस तेच सांगत होती, पोर पोटुशी आणि वर हे असं. त्याच पावसात माझी बोंबील वाळवायची वलांडी गेली. तीन ओळी भरून बोंबील टांगले होते, अजून दोन दिवस ऊन मिळालं असतं तर लाकडासारखे वाळले असते. डिसेंबरात पाऊस, दक्षा. त्या वादळाचं नाव ओखी असं मोबाईलवर आलं. तुझे भावजी म्हणाले, नाव कायपण असू दे, तू आधी बांबूवरून उतरव. उतरवून ठेवू कुठे? ओटीवर पसरले, स्वयंपाकघरात पसरले, आईच्या खाटेखाली पसरले. तिसऱ्या दिवशी अळ्या पडल्या. आम्ही दोघांनी वाळूत खड्डा खणून सगळे पुरले आणि हात धुऊन जेवायला बसलो. बघायला कोणी आलं नाही.

म्हणजे बघ, तुझं झालं ते नुकसान आणि माझी झाली ती घाण. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहिलंय तर खोडत नाही.

लडक्याला तुम्ही कामावरून काढलंत हे कळलं. बरंच केलंत म्हणायचं. तळं राखायचा पगार घ्यायचा आणि चिंबोऱ्या धरून आणायच्या, हे शोभतं का? तुझ्या रूपेशने मागे एकदा त्याला बांधावर चिंबोरी भाजताना पकडला होताच की. पाणी सोडल्यावर तळाशी चिंबोरी सापडली म्हणजे दुसरं कोण आणणार? रानशेतचा माणूस, त्याला खाऱ्या पाण्यातलं काय कळतंय.

नोव्हेंबरात तुझ्या डोहाळ्यांसाठी मी चिंबोऱ्या आणल्या होत्या, त्या भरलेल्या निघाल्या की पोकळ, ते तू काही बोलली नाहीस. सात होत्या. फोनवर मी आठ म्हणाले असेन तर ती मोजायची चूक.

आठवा लागला ना? ढाब्याच्या धुरात उभी राहू नकोस.

हिरू


वरोर
२८ मार्च २०१८

दक्षा,

मुलगा झाला, बारसं झालं, आणि मला कळलं ते आई परत आल्यावर. रूपेश तिला न्यायला आला तेव्हा मी मागच्या दारी मासळी साफ करत होते. गाडी वाजली, आई पदर सारखा करून निघाली, 'दक्षाकडे जाऊन येते' म्हणाली. रूपेशने आत डोकावून पाहिलंसुद्धा नाही. चार दिवसांनी आई आली ती तुझ्या मुलाचे कान, नाक, जावळ सगळं तोंडपाठ करून. आई माझ्या घरात जेवते आणि तुझं गाते. तिची औषधं मी आणते, पाय मी चेपते, आणि दाराशी कोणी आलं की म्हणते, 'माझी दक्षा असती तर'. अगं आई, दक्षा नाहीये, हिरू आहे, आणि ती तुझ्यासाठीच पेज घेऊन उभी आहे.

मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहिलं. लहानपणापासून वाटतो. बाबा आपल्याला बोंबील टांगायला बसवायचे ते आठवतं? एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. माझी बोटं सोलून निघायची. तुझ्या हाताला जणू दातच लागत नसत. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणायचे, दक्षाचा हात बघा. चिंबोरीच्या नांग्या बांधायला शिकवलं तेव्हाही तेच. दोन वेढे आणि टोक आतून खोचायचं, ही गाठ आपल्या घराबाहेर कोणी मारत नाही. ती मी तुझ्या आधी शिकले होते, हे बाबांच्या कधी लक्षात आलं नाही.

मग तुझं रूपेशशी लग्न झालं आणि त्यांच्या खाडीकाठच्या खाजणात तळं आलं. इथे समोर एवढा समुद्र पसरलेला, आणि तुझे भावजी पूर्वीपेक्षा दुप्पट लांब जाऊन, दुप्पट बर्फ आणि डिझेल जाळून निम्म्या टोपल्या घेऊन येतात. म्हणतात, पाणी तापलंय, मासळी खोल गेली. तू मात्र चार बांध घालून समुद्राचा तुकडा दाराशी बांधून घेतलास. घड्याळ बघून खाणं टाकायचं, चाकं फिरवून पाण्यात हवा सोडायची, आणि मासळी आपली वाढतेय. तुझ्या अंगाला मासळीचा वास येईनासा झाला होता. मी तुला मिठी मारायची तेव्हा मला ते कळायचं.

नोव्हेंबरात आले त्या दिवसाचं सांगते. पहाटे तुझ्या भावजींनी खाडीतून धरलेल्या चिंबोऱ्या पाटीत तिवराच्या पाल्याखाली ठेवून, दोन रिक्षा बदलून आले. फाटकाशी लडक्याने अडवलं. 'मोठे बाय, आधी पाय त्या लाल पाण्यात बुडव. आन् पाटी भायेर ठेव, जाळीच्या अल्याड. चिंबोरी आत चालत नाय. तिचा रोग कोलंबीला लागतो.' माझे पाय, दक्षा. जन्म खाऱ्या पाण्यात गेला त्या पायांना तुझ्या तळ्यापाशी जायला औषध लागलं. आणि तू प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हसलीस. 'ताई, नियम आहे गं,' म्हणालीस. ही माझी बहीण आहे, तिला येऊ दे, एवढं नाही म्हणालीस.

लडक्या मग माझ्यासाठी चहा आणायला गेला. तो चहा मी प्यायले नाही. तुला वाटलं असेल उशीर झाला म्हणून. मी रागाने प्यायले नाही.

एक बातमी आहे. बुधीबाई सुकट विकायला रानशेतला गेली होती. लडक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कापली म्हणाली. तुमच्या तळ्यातली मरती कोळंबी उपसताना काटा घुसला आणि हात सडत गेला. तुला माहीत होतं का? मला तेव्हापासून जेवण जात नाही, आणि का जात नाही ते घरात कोणाला सांगता येत नाही.

हिरू


वरोर
१९ जून २०१८

दक्षा,

बोंबील ठेवून घेतेस आणि उत्तर देत नाहीस. काही हरकत नाही. होड्या वर काढल्यात, मला वेळ आहे.

मे महिन्यात शिंगाळा माशाचा काटा माझ्या अंगठ्यात गेला. आपल्याला काय, जन्मभर काटे जातात, हळद लावली आणि कामाला लागले. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं, दुसऱ्या दिवशी ताप. तुझे भावजी मला ओढतच डहाणूला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने चिरा दिला, सुई टोचली आणि म्हणाली, एक दिवस उशीर केला असता तर अंगठा गेला असता. म्हणाली, हे जंतू खाऱ्या कोमट पाण्यात वाढतात. पाणी जितकं तापेल तितके ते जास्त. उन्हाळ्यात एखाददुसरा पेशंट यायचा, आता हिवाळ्यातही येतात. काटा लागला की त्याच दिवशी या, म्हणून सगळ्या मासळीवाल्यांना सांगा. मग म्हणाली, डिसेंबरात एक जण आला होता कोळंबीच्या तळ्यावरचा. चौथ्या दिवशी आला, एसटीने, एकटा. दोन बोटं गेली.

चौथ्या दिवशी. तो कामावर असता तर रूपेशने त्याच संध्याकाळी गाडीत घालून नेला असता. रूपेश तापट आहे, पण तसा नाही. काटा लागला त्याच दिवशी तुम्ही त्याला हाकलला होता.

आता सांगते. त्या दिवशी लडक्या चहाला गेला आणि तुला रूपेशचा फोन आला म्हणून तू शेडमध्ये गेलीस, तेव्हा मी माझी पाटी तुझ्या तळ्यात बुडवली. खाडीवरून चिंबोऱ्या आणल्या की मध्ये एकदा पाटी पाण्यात बुडवून काढायची, नाहीतर त्या मलूल होतात. आई करायची, आजी करायची. तुझी ती चिंबोऱ्या अडवायला लावलेली जाळी माझ्या गुडघ्याइतकीच, वरून हात घातला, बुडवली आणि काढली. सवय गं. हाताला कळायच्या आत झालं. पाला तरंगला आणि एक सुटली.

तळं आता ज्याने घेतलंय त्या सुनिलशेठकडे पाणी तपासायला एक मुलगा येतो. मी मासळी विकायच्या निमित्ताने गेले आणि त्याला विचारलं, एका चिंबोरीने तळं मरतं का? म्हणाला, चिंबोरीच्या अंगात तो रोग असतो आणि तिला काही होत नाही, कोळंबी मात्र त्याने मरते. पण कधी नुसता पाण्यातूनही येतो. आणि आत आला तरी दबून राहतो, एकदम पाऊस पडून पाणी गार झालं की उसळतो. डिसेंबरातला तो पाऊस नसता तर पीक कदाचित निघालं असतं. मी विचारलं, म्हणजे पाऊस की चिंबोरी? तो म्हणाला, मावशी, ते आता कोणीच सांगू शकत नाही.

ऐकून मला जरा बरं वाटलं. परतताना रस्ताभर मी पावसालाच शिव्या देत आले. आकाशाने आपलं वेळापत्रक सोडलं त्यात माझा काय दोष. घरी आले, विळी घेतली आणि अंगठ्याची जखम पुन्हा उघडली.

हिरू


वरोर
१२ नोव्हेंबर २०१८

दक्षा,

बोंबलांची पिशवी परत मिळाली. धुऊन, वाळवून, घडी घालून पाठवलीस. मी ती आतून बाहेरून उलटी करून पाहिली, कागद नव्हता. आई म्हणाली, धुऊन पाठवली म्हणजे राग गेला. आईला तुझं सगळं गोडच वाटतं.

भाऊबीज गेली. आपल्याला भाऊ नाही म्हणून लहानपणी आपण एकमेकींनाच ओवाळायचो. तू मला ओवाळायचीस आणि मग ताटातली मिठाई तूच खायचीस. यंदा मी आईला ओवाळलं. ती हसली आणि म्हणाली, दक्षाने काय केलं असेल आज.

मागच्या पत्रात 'सवय' लिहिलं होतं. ते खोटं आहे. हात माझा होता आणि मला कळत होतं. पाटी बुडवायला मी वाकले तेव्हा आधी शेडकडे पाहिलं, मग चहाच्या टपरीकडे पाहिलं, मग बुडवली. सवयीने करणारी बाई असं बघते का?

आणि चिंबोरी सुटली ती मी पाहिली. सगळ्यात मोठी मादी, भरलेली, तुझ्यासाठी मुद्दाम निवडलेली. नांग्या बांधलेल्या होत्या, पण मागच्या पायांनी ती सरसर पोहत गेली. मी हाक मारली असती तर लडक्याने जाळं टाकून दोन मिनिटांत काढली असती. मी तोंड उघडलं नाही. रोगाचं त्याने सांगितलं होतं, ते मला तुमचा थाट वाटला. पिढ्यान्‌पिढ्या आपण खातोय त्या चिंबोरीला कसला रोग? मला वाटलं, खाईल तुझी थोडी कोळंबी. तुझंही जरा कमी होईल. माझ्याकडे सगळंच कमी होत चाललंय, तुझंही मूठभर कमी व्हावं. एवढंच मागितलं होतं मी त्या चिंबोरीकडे.

मग मी पाटीवर पाला नीट लावला, तू बाहेर आलीस, तुला सात चिंबोऱ्या दिल्या आणि तुझ्या पोटावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आशीर्वाद खरा होता. हे तुला पटणार नाही, पण दोन्ही खरं होतं.

आता तू रूपेशला सांग. मला सांगवत नाही. मी तुला लिहू शकते कारण तू उत्तर देत नाहीस. रूपेशच्या समोर मी उभी राहू शकत नाही, आणि रानशेतला जायचं तर पायच उचलत नाहीत. तू सांगितलंस तर रूपेश लडक्याला बोलावून घेईल. तू सांगितलंस की सगळे ऐकतात.

हिरू


वरोर
२० फेब्रुवारी २०१९

दक्षा,

तीन महिने वाट पाहिली. तू सांगितलं नाहीस. मागच्या रविवारी मी रानशेतला जाऊन आले.

जायचं कारण असं झालं. सुनिलशेठ नवीन पिकासाठी माणसं घेतोय, आणि देखरेखीला त्याने रूपेशला परत बोलावलंय, हे बुधीबाईने सांगितलं. लडक्याही काम मागायला गेला होता. तळ्याचं पाणी नुसतं हातात घेऊन तो त्याची नस ओळखतो, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. त्याला फाटकातून परत पाठवलं. खाडीकाठच्या साऱ्या तळ्यांवर त्याचं नाव झालंय, चिंबोरीवाला लडक्या. वीटभट्टीवर जातो तर तिथे दोन बोटं नसलेल्या माणसाला अर्धी मजुरी.

त्याचं घर पाड्याच्या शेवटाला आहे. बायको गंगी अंगणात भात पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही. लडक्या आतून आला, म्हणाला, 'मोठे बाय, बस.' मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्यानेच सगळं सांगितलं. पाटी, शेडकडे बघणं, सुटलेली मादी, गप्प बसणं. काही गाळलं नाही. तुझा हेवा वाटत होता हेही सांगितलं.

मला वाटलं तो ओरडेल. गंगीच्या हातातलं सूप थांबलं होतं. लडक्या म्हणाला, 'मना माहीत होता.'

मी म्हटलं, काय माहीत होतं?

'चिंबोरी तुमची होती ता. मी सोताच तिला तल्याच्या गालातनं वर काढली. नांग्यांना दोरी होती, जालीची, निली. मी चिंबोरी धरला त दोरी बांधीत नाय, तवाच भाजून खातो. तशी गाठ तुमच्या घरचीच.'

मग तू बोलला का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता, लाज वाटते सांगायला. त्या माणसावर मी आवाज चढवला.

तो म्हणाला, 'मना कोनी विचारलाच नाय, बाय. रूपेशशेठ आला, चिंबोरी बघितली, मना बघितला, आन् म्हनला, निघ. त्याच्या आधी दक्षाताय आली होती. तिनं चिंबोरी माज्या हातातनं घेतली, दोरी दातानं तोडली आन् कमरेला खोचली. मना वाटला, ताय बोलल. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा होतो. ताय बोलली नाय. मंग मी काय बोलू? चिंबोरी तुमची, तला तुमचा.'

दक्षा, मी तिथेच अंगणात खाली बसले.

तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझी चार पत्रं तुझ्याकडे गेली, त्यातलं पहिलं वाचून तू काय केलं असशील? 'मोजायची चूक' वाचून हसलीस की रडलीस? मी वर्षभर तुला एकेक घास भरवावा तसं खरं भरवत होते आणि तुझं पोट आधीच भरलेलं होतं. तू फोन कापलास तो तळं गेलं म्हणून, असं मला वाटत होतं. मला वाचवण्यासाठी तू दोरी कमरेला खोचलीस, आणि मग माझं तोंड बघवेना म्हणून फोन कापलास. माझी खात्री आहे, कारण मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

आधी मला काय वाटलं ते सांगू? रागच आला. वाटलं, इथेही ही मोठी झाली. बहिणीचं पाप पोटात घालणारी दक्षा, आईला कळलं तर आणखी एक आरती म्हणेल. पण समोर लडक्या होता आणि त्याचा तो हात होता. तू माझं झाकलंस ते त्याच्या हाताने झाकलंस. तू एक शब्द बोलली असतीस तर तो त्या संध्याकाळी दवाखान्यात असता. मी एक हाक मारली असती तर चिंबोरीच बाहेर आली असती. आयुष्यभर मी मोजत आले, तुझ्याकडे किती आणि माझ्याकडे किती. हे एक तरी आपल्या दोघींच्या वाट्याला सारखं आलंय.

तळं पावसाने मेलं की चिंबोरीने, ते तो पाणी तपासणारा मुलगा सांगू शकत नाही, तर आपण काय सांगणार. डिसेंबरात पुन्हा पाऊस पडेल, पाणी पुन्हा तापेल, माझे बोंबील पुन्हा नासतील, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पण लडक्याला रूपेशने 'निघ' म्हटलं ते आकाशातून पडलेलं नाही. ते आपण दोघींनी केलंय, आणि ते आपल्याला मोडता येतं.

येत्या रविवारी मी नऊ वाजता रानशेतच्या फाट्यावर उभी राहीन. तू रूपेशला घेऊन ये. मुलालाही आण, मी अजून पाहिलेला नाही. आधी लडक्याच्या घरी जायचं, मग चौघांनी मिळून सुनिलशेठकडे जायचं आणि सगळ्या माणसांसमोर बोलायचं. मी बोलेन. तू फक्त दोरी दाखव. तू ती टाकली नसशील, मला माहीत आहे, तू काहीच टाकत नाहीस. आई विचारत होती कुठे जातेयस. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हिरू, तू आणि दक्षा, दोघी जा. पहिल्यांदाच तिने दोघींचं नाव एका दमात घेतलं.

बोंबील या वेळी पाठवत नाही.

लडक्या चहा देईल. मला दिला, आणि या वेळी मी प्यायले. त्याला कप नीट धरता येत नाही, थोडा सांडतो. तू दोन्ही हात पुढे करून घे.

हिरू